ताईला मदत हवी आहे, पण ती मागत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दाजींना तोंडाचा कॅन्सर झाला, ऑपरेशन मुंबईत परळला झालं आणि आता गावापासून तासाभरावरच्या शहरात रेडिएशन सुरू आहे. नाकात नळी आहे. ताई एकटी सगळं बघते, मुलगा दहावीला आहे आणि तुम्ही पुण्यात नोकरीला. नातेवाईक भरपूर, फोनही भरपूर, पण प्रत्यक्ष हाताशी कोणी नाही. तुम्ही रोज विचारता आणि ती 'सगळं ठीक आहे' एवढंच सांगते. तिला एखाद्या सपोर्ट ग्रुपला जोडून द्यावं की समुपदेशक शोधावा, असं तुम्ही विचारलंय.

मी कॅन्सर हॉस्पिटलमध्ये वैद्यकीय समाजसेविका म्हणून बरीच वर्षं काम करते. ग्रुपबद्दल पुढे सांगतेच, पण तुमच्या पत्रावरून मला तरी माणसांची कमतरता दिसत नाही. माणसं आहेत. त्यांच्याकडून काम मागण्याचं काम मात्र ताईवरच पडलंय, आणि ते तिच्याच्यानं होत नाही.

'काही लागलं तर सांगा' हे वाक्य बहुतेक जण मनापासून म्हणतात, तोंडदेखलं नाही. पण ऐकणाऱ्या बाईला त्यानंतर किती खटाटोप करावा लागतो ते बघा. काय लागतंय ते तिनंच ठरवायचं, यातलं कोणाला जमेल ते ओळखायचं, भीड बाजूला ठेवून फोन करायचा, समोरून 'बघतो' आलं तर गिळून टाकायचं, आणि काम झालंच तर पुढची कित्येक वर्षं मिंधं राहायचं. एवढं सगळं रात्री अकरा वाजता भांडी घासून झाल्यावर कोण करणार? त्यापेक्षा 'सगळं ठीक आहे' म्हणणं सोपं. त्यात खोटेपणा नसतो, थकवा असतो.

म्हणून माझा सल्ला असा की तिच्या वतीनं मागणारा माणूस तुम्ही व्हा. पुण्यात बसून नळीतून फीड, म्हणजे पातळ अन्न, देता येत नाही, पण मागणं हे काम फोनवर होतं. उलट लांब असल्याचा फायदाच होतो. तुम्हाला रात्री झोप मिळालेली असते, डोकं शांत असतं, आणि स्वतःसाठी मागायला जी लाज वाटते ती बहिणीसाठी मागताना वाटत नाही.

आता यातलं काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे तेही सांगते. सगळ्यात आधी दाजींची मर्जी. आजार कोणाला कळू द्यायचा आणि किती, हे त्यांनी ठरवायचं. तोंडाच्या कॅन्सरमध्ये ही गोष्ट जास्तच नाजूक असते, कारण आपल्याकडे तो बहुतेकदा तंबाखू, मावा, गुटख्यामुळे होतो आणि सगळ्या गावाला ते ठाऊक असतं. भेटायला येणारा पहिल्या पाच मिनिटांत 'सांगत होतो ना, सोड म्हणून' हे ऐकवून मोकळा होतो. बायकोच्या वाट्याला 'तू कसं थांबवलं नाहीस?' हा प्रश्न येतो. मग दाजी दार लावून घेतात, ताईही लोकांना टाळू लागते, आणि बाहेरून आपल्याला वाटतं की कोणी येतच नाही. तुमच्याकडे असं काही घडलंय का, याचा आधी अंदाज घ्या. घडलं असेल तर ज्यांना बोलावायचं ती माणसं दोन-चारच असू देत, पण तोंड सांभाळणारी असू देत. दाजींना विचारून त्यांचीच नावं घ्या.

दुसरी गोष्ट सासर-माहेरची. तिच्याकडे नंतर येते.

'मदत' म्हणजे नेमकं काय, हे तिचा दिवस समजल्याशिवाय ठरत नाही. नाकातून नळी असलेल्या रुग्णाला साधारण दर दोन-अडीच तासांनी फीड द्यावं लागतं. किती आणि कशाचं ते आहारतज्ज्ञ ठरवून देतात, बऱ्याचदा एका वेळी दोनशे ते अडीचशे मिली. भात, डाळ, भाजी, अंडं, दूध जे ठरलं असेल ते शिजवायचं, मिक्सरमधून काढायचं, बारीक गाळणीनं गाळायचं, कारण एक कण अडकला तरी नळी तुंबते. ते कोमट करायचं, रुग्णाला उठवून बसवायचं, नळीवरची खूण जागेवर आहे ना ते पाहायचं. मग सिरिंजचा दट्ट्या काढून नळकांडं उंच धरायचं आणि फीड आपलं आपण उतरू द्यायचं. दाबून ढकलायचं नाही. शेवटी पाणी घालून नळी धुवायची आणि नंतर अर्धा-पाऊण तास त्यांना आडवं होऊ द्यायचं नाही. मग भांडी. हे उरकेपर्यंत पुढच्या फीडची तयारी करायची वेळ होते. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत हेच चाललेलं असतं, आणि मधे सोमवार ते शुक्रवार रेडिएशनची रोजची वारी.

म्हणजे ताई सलग दीड ताससुद्धा घराबाहेर राहू शकत नाही. बाजार, बँक, मुलाच्या शाळेतली मीटिंग, स्वतःचा बीपी तपासणं, सगळं त्या दीड तासात कोंबायचं. अशा बाईला 'स्वतःकडे लक्ष दे' म्हणून सांगण्यात काही अर्थ नसतो. तिला हवा फीड देता येणारा दुसरा माणूस. तो एकदा तयार झाला की तिच्या आठवड्यात तासांची जागा निर्माण होते, आणि बाकीचा बराचसा आधार त्या जागेतूनच आत येतो. त्यामुळे तुमचं पहिलं काम हे की रेडिएशनच्या कुठल्याही दिवशी घरातल्या आणखी एकाला सोबत पाठवा आणि तिथल्या नर्सना सांगा, 'यांनाही फीड द्यायला शिकवा.' त्या शिकवतात. न शिकलेल्या माणसानं मात्र हात लावू नये. फीड चालू असताना ठसका लागला किंवा दम लागला तर लगेच थांबवायचं. नळी बाहेर आली तर घरी परत घालायची नाही, हॉस्पिटल गाठायचं. शिकणाऱ्याला हे दोन नियम पाठ हवेत.

आता मागायचं कसं ते सांगते. 'वहिनी, ताईला जरा मदत करा' असं म्हटलं की वहिनी हो म्हणतात आणि गोष्ट तिथंच थांबते. त्याऐवजी असं म्हणा: 'वहिनी, मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी अकराचं फीड तुम्ही द्याल का? ताई तेवढ्यात बाजार करून येईल. रेडिएशन संपेपर्यंतच, महिनाभर.' यात दिवस, वेळ आणि काम तर आहेच, पण महत्त्वाचं म्हणजे शेवट आहे. माणसं नाही म्हणतात ती बहुतेकदा कामाला घाबरून नव्हे, त्याला अंत दिसत नाही म्हणून. आणि नाही म्हणायची वाटही ठेवा. 'हे जमत नसेल तर शनिवारी पोराला तुमच्याकडे अभ्यासाला बसवाल का?' असं विचारा. स्वयंपाकात हात बसलेल्या बाईकडे डबा मागावा, दुचाकीवाल्या पुतण्याकडे औषधं आणायचं काम, निवृत्त मास्तरांकडे दहावीचं गणित. जो जे सहज करतो तेच त्याच्याकडे मागितलं तर ते टिकतं.

एक माणूस रात्रीसाठी आधीच ठरवून ठेवा. रात्री दोनला गाडी काढायची वेळ आली तर कोण येणार? त्या माणसाशी बोलून, त्याचा होकार घेऊन, नंबर भिंतीवर लावा. शेजारी 108 नंबरही लिहा, ती रुग्णवाहिका मोफत असते. रेडिएशनसोबत केमो चालू असेल तर 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप ही सकाळपर्यंत थांबायची गोष्ट नाही, हॉस्पिटलला लगेच कळवायचं. ताई एकटी असताना 'आत्ता एवढ्या रात्री कोणाला उठवू?' या विचारात जे तास जातात ते धोक्याचे असतात.

आता सासर-माहेर. तुम्ही लिहिलंय की दाजींचे थोरले भाऊ आणि जाऊबाई भिंतीला भिंत लागून राहतात, पण 'त्यांनी काही केलं नाही'. मला त्यांची बाजू माहीत नाही आणि तुम्हालाही पूर्ण माहीत नसावी. आपल्याकडे माहेरचा भाऊ आला आणि त्यानं सासरच्या अंगणात उभं राहून कामं वाटायला सुरुवात केली, तर ती कामं होत नाहीतच, वर तुम्ही पुण्याला परतल्यावर त्याचे टोमणे ताईला ऐकावे लागतात. म्हणून पहिला फोन किंवा पहिली भेट त्या थोरल्या भावाची. यादी घेऊन जाऊ नका. 'दादा, घरात तुम्ही मोठे. मी लांब आहे, मला इथलं कळत नाही. पुढचा महिना कसा काढायचा ते तुम्ही सांगा, मी काय करू तेही सांगा,' इथून सुरुवात करा. ही नुसती गोड बोलण्याची युक्ती नाही. घरात कोणाचा सख्खा भाऊ आजारी असला की तोही घाबरलेला असतो, आणि घाबरलेला पुरुषमाणूस आपल्याकडे बऱ्याचदा लांब राहतो नाहीतर चिडतो. त्याला निश्चित काम मिळालं, उदाहरणार्थ आठवड्यातले दोन दिवस रेडिएशनला गाडीनं नेणं, की तो जवळ येतो. हे मी अनेक घरांत पाहिलंय. काही घरांत नाही जमत. जमिनीचा वाद असेल, बोलणं बंद असेल, तर आजारपणात ते सुटेल या आशेवर बसू नका. सरळ शेजारी, बचत गट, तुमची भावकी यांच्याकडे वळा. बचत गटातल्या बायका दर महिन्याला भेटतात, एकमेकींची घरं ओळखतात आणि पैशाचा विषय उघडपणे बोलतात. ताई गटात असेल तर अध्यक्षबाईंशी तिच्या संमतीनं बोला.

माझा एक अनुभव सांगते, पटला नाही तर सोडून द्या. बायको आजारी असते तेव्हा नवऱ्याला न मागता डबे येतात, कारण 'बिचारा एकटा कसं करेल'. नवरा आजारी असतो तेव्हा बायकोला सल्ले येतात. ते तिचं कामच आहे असं सगळे धरून चालतात, तीही धरते. ताईच्या न मागण्याची मुळं थोडीफार इथंही असतील.

भेटायला येणाऱ्यांचं वेगळं काहीतरी करावं लागेल. रीत म्हणून माणसं येतात, ज्याला गिळता येत नाही त्याच्यासाठी सफरचंदं आणतात, तासभर बसतात, आणि ताई मधेच उठून चहा टाकते. त्यातला एखादा कुठल्याशा गावच्या औषधाचा पत्ता देतो आणि रात्रभर घरात त्यावरून वाद. यावर उपाय म्हणजे बातमी एकाच ठिकाणाहून जाऊ द्या. दाजींची हरकत नसेल तर जवळच्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप करा, त्यात तुम्हीच दोन दिवसांनी चार ओळी टाका आणि शेवटी लिहा की ताईला फोन करू नका, मला करा. भेटायला यायचं असेल तर अमुक वेळेत, अर्धा तास, आणि चहा होणार नाही. हे ताईनं म्हटलं तर उद्धटपणा होतो, तुम्ही म्हटलं तर 'पुण्याचा आहे' म्हणून सोडून देतील.

वेळेचाही विचार करा. ऑपरेशनच्या वेळी सगळे हजर असतात, रजा तेव्हाच खर्च होतात. पण ऑपरेशननंतरचं तोंडाचं रेडिएशन बहुधा सहा आठवडे चालतं, साधारण तीस वेळा. पहिले दोन आठवडे बरे जातात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून तोंड सोलवटून निघतं, चिकट लाळ, दुखणं, रात्रीची झोप जाते. आणि रेडिएशन संपल्यावर हे लगेच थांबत नाही, पुढचे दोन-तीन आठवडे तसेच कठीण असतात. नेमकं तेव्हाच नातेवाईक 'सुटलात एकदाचे' म्हणतात आणि फोन थांबतात. तुमच्याकडे आठवडाभराची रजा असेल तर ती आत्ता घालवू नका. शेवटचा आठवडा आणि त्यानंतरचा आठवडा यांच्यात वाटून घ्या. आपल्या देशात खासगी नोकरीत रुग्णाची काळजी घेण्यासाठी वेगळी कायद्यानं मिळणारी रजा नाही, त्यामुळे साहेबांशी आधीच बोलून ठेवा.

पैशाचं आणि कागदांचं काम तर पूर्ण तुमच्याकडे घ्या. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मोफत होतात, पण योजनेतल्याच हॉस्पिटलमध्ये आणि ठरलेल्या उपचारांसाठी. रेडिएशन त्यातून चालू आहे का, हे तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, विचारा. धर्मादाय हॉस्पिटलांत 10 टक्के खाटा निर्धन आणि 10 टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी राखीव असतात, त्याचीही चौकशी करा. मात्र या योजनांतून उपचारांचा खर्च सुटला तरी रोजचं पेट्रोल, फीडचं दूध-अंडी, नळ्या-सिरिंज आणि बुडालेली मजुरी सुटत नाही. घर खचतं ते या किरकोळ वाटणाऱ्या खर्चानं. मदत म्हणून पैसे देणाऱ्यांना हेच सांगा: महिन्याचं दूध तुम्ही बघा, गाडीचं पेट्रोल तुम्ही बघा. मोघम पाच हजार हातात ठेवलेले घेताना ताईला जड जातं, दूधवाल्याचं बिल परस्पर भागलं तर तेवढं जड जात नाही.

फॉलोअपसाठी परळला जाताना रेल्वेची सवलत वापरा. कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत तिकीट पूर्ण माफ असतं, आणि सोबतच्या एका माणसाला त्याच डब्यांत 75 टक्के सूट मिळते. हॉस्पिटलच्या सही-शिक्क्याचा ठरावीक फॉर्म लागतो, तो आमच्यासारख्यांकडे मागायचा. मिरजेहून महालक्ष्मी एक्सप्रेसनं जायचं झालं तर दादरलाच उतरता येतं. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा किंवा परळमधलं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन अशा जागा आहेत. खोली मिळेलच असं नाही, आधी चौकशी करा.

आता तुमचा ग्रुपचा प्रश्न. खरं सांगायचं तर मी पाहिलेले सगळ्यात चांगले सपोर्ट ग्रुप अशा धर्मशाळांच्या ओट्यावर जमतात. संध्याकाळी नळी असलेल्यांच्या बायका एकत्र बसतात, कोणाची गाळणी बारीक, कोणाला कुठल्या मलमानं बरं वाटलं, कोणाचा नवरा चिडून सिरिंज फेकतो, सगळं बोलून होतं. तिथं कोणी कोणाला धीर देत नाही, तरी धीर येतो. गावात परतलेल्या ताईला ते मिळत नाही. म्हणून रेडिएशनच्या रांगेत रोज भेटणाऱ्या एखाद्या बाईशी तिची ओळख होऊ द्या, नंबर घेऊ द्या. मुंबईत व्ही केअर फाउंडेशन 1994 पासून या कामात आहे, इंडियन कॅन्सर सोसायटी तर 1951 पासून. फॉलोअपला गेलात की चौकशी करा. ठरलेल्या वेळी ऑनलाइन बसायचा ग्रुप मात्र दोन फीडच्या मधे तिच्यावर लादू नका. आधी तास मोकळे होऊ देत, मग ती स्वतःच ठरवेल.

समुपदेशक कधी? ओझं किती झालंय ते मोजायला आम्ही काही वेळा झारिटची प्रश्नावली वापरतो, पण तुम्हाला तिची गरज नाही. संधी मिळूनही झोप लागत नाही, स्वतःच्या गोळ्या बंद केल्यात, बारीकसारीक गोष्टीवर मुलाला मारते, किंवा 'मीच आधी गेले तर बरं' असं बोलते, यातलं काही दिसलं तर वाट पाहू नका. शेवटचं वाक्य ऐकलं तर सरळ विचारा, 'ताई, जीव द्यावासा वाटतो का?' असं विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' आलं तर तिला एकटी ठेवू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास मोफत चालतो आणि मराठीत बोलता येतं.

दुखणं आवरत नसेल किंवा आजार पुढे सरकला तर पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या उपचारांचं, नाव काढायला घाबरू नका. ते फक्त शेवटच्या दिवसांसाठी नसतं. तुम्ही पुण्यात आहात म्हणून सांगते, वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर आहे, 1997 पासूनचं, विनामूल्य. तिथं रुग्णासोबत घरचं माणूस राहतं आणि त्यालाही शिकवलं जातं. एखाद्या रविवारी तुम्ही एकटेच जाऊन चौकशी करून या.

तुमच्या रोजच्या फोनबद्दल एवढंच की 'कशी आहेस?' विचारणं बंद करा. त्याचं उत्तर ठरलेलं आहे. 'काल रात्री कितीदा उठलीस?', 'आज जेवलीस किती वाजता?', 'उद्या रेडिएशनला कोण येतंय सोबत?' असं विचारा. या प्रश्नांना 'ठीक आहे' हे उत्तर बसत नाही. सुरुवातीला ती वैतागेल. 'तू नको मध्ये पडू, मी बघते' असंही म्हणेल. तेव्हा वाद घालू नका, फक्त एकाच कामाची परवानगी मागा, सगळ्यांत छोट्या. शुक्रवारचं अकराचं फीड जाऊबाई देणार, तिनं फक्त त्या वेळात आंघोळ करून पाठ टेकायची. एवढं दोन आठवडे चाललं की दुसरं काम मागा.

पुढच्या वेळी हॉस्पिटलला जाताना रेशनकार्ड, दोघांची आधार कार्डं, ऑपरेशनचा डिस्चार्ज पेपर आणि रेडिएशनचा कागद यांच्या दोन-दोन झेरॉक्स सोबत ठेवा, आणि ओपीडीत समाजसेवा विभाग कुठे आहे ते विचारा. तिथं दाजींना नेलं नाही तरी चालेल, ताईला न्या.